बॉनेटखालचा मुलूख

खंडेनवमीला कोल्हापुरात हत्यारांची पूजा होते, आणि हत्यार कशाला म्हणायचं याबाबत इथली माणसं फार उदार आहेत. तालमीतल्या लाठी-तलवारीपासून शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ मशीनपर्यंत, खुरप्यापासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना झेंडूचं फूल मिळतं. दारातल्या गाडीचा तर त्या दिवशी मान मोठा. पहाटेपासून बादल्या वाजतात, टायर काळेभोर होतात, काचा लखलखतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबू जातं. ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं ते इंजिन मात्र स्वस्तिकाच्या बरोब्बर खाली, पत्र्याच्या आड, होतं तसंच काळंकुट्ट बसून राहतं. त्याला ना फूल, ना पाणी. पाणी नाही हे एका परीनं बरंच, पण त्याबद्दल पुढं बोलू.

माझी मारुती ८०० पंधरा वर्षांची झाली तेव्हा या पत्र्याआडच्या जगाशी माझा संबंध आला. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर पर्यावरण कर भरून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. एजंटनं कागदांची यादी सांगितली आणि जाता जाता म्हणाला, "आणि चेसिस नंबर तेवढा वाचता आला पाहिजे बघा, सर. घासून आणा." हा नंबर बॉनेटच्या आत, समोरच्या काचेखालच्या उभ्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरं कागदावर उमटतात आणि तो कागद फायलीला लागतो. मी बॉनेट वर करून पाहिलं. नंबर असायला हवा तिथं तपकिरी-काळा, मऊसर पट्टा होता. नख लावलं तर नखात बसला, पण खाली पत्रा काही दिसला नाही.

ही गाडी अजून कशाला ठेवलीस, असं विचारणारे पुष्कळ आहेत. गुरगावच्या कारखान्यातून १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची. मधल्या तीस वर्षांत या देशातल्या मध्यमवर्गानं घाट चढायला शिकून घेतलं ते बहुतांशी हिच्याच स्टिअरिंगवर. २०१० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांत तिची विक्री थांबली. कोल्हापूर त्या यादीत नव्हतं, म्हणून इथं ती आणखी काही वर्षं नवी मिळत राहिली. या गाडीचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तिचं बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं चिमुकलं इंजिन, आणि त्याच्या भोवती हात घालायला ऐसपैस जागा. आजच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर काळ्या प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव असतं, आणि त्या झाकणाचा रोख असा असतो की तुमचं इथं काही काम नाही. ८०० तसं म्हणत नाही. ती म्हणते, या, बसा, हे बघा माझं असं आहे.

मिस्त्रींना विचारल्याशिवाय मात्र हात लावायचा नाही, एवढं तारतम्य होतं. म्हादबा मिस्त्रींसारखा यंत्राचा जाणकार ज्या गावात होऊन गेला, तिथं 'मिस्त्री' ही पदवी डॉक्टरपेक्षा फार खाली धरत नाहीत. आमचे मिस्त्री एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली झोपले होते. तिथूनच बोलले.

"धुवा की. पर पाइप लावून न्हवं. ती काय म्हस हाय व्हय, रंकाळ्यात घालून घासायला?"

"मग कसं?"

"थंड असताना. बॅटरीची काळी वायर आधी काढा. ब्रश न् फडकं घ्या. आन् सर, घाई करू नका."

मग ट्रॅक्टरखालून एक हात बाहेर आला, पाना घेऊन परत आत गेला. सल्ला संपला.

पाण्याची भीती कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. पावसाचं पाणी इंजिनापर्यंत पोचतंच. ते वरून झिरपतं, खालून उडतं, आणि गाडी बनवणाऱ्यानं ते गृहीत धरूनच झाकणं आणि रबरी सील बसवलेली असतात. पण प्रेशर पंपाचा फवारा जिथं घुसू नये तिथं घुसतो. वायरींच्या जोडांत, फ्यूजच्या डब्यात, अल्टरनेटरच्या जाळीतून आतल्या तांब्याच्या गुंडाळ्यांवर, प्लगच्या खोबणीत. प्लगपाशी पाणी साठलं की ठिणगी भलतीकडं उडी मारते आणि इंजिन एका पायावर लंगडायला लागतं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या अशा इंजिनात प्रत्येक प्लग सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी टाकत असतो. त्यातली प्रत्येक ठिणगी जागेवर आणि वेळेवर पडावी लागते. गरम इंजिनावर गार पाणी तर त्याहून वाईट. कास्टिंगला अशी अचानक ओढ सोसतेच असं नाही.

आणि पाणी इंजिनाच्या पोटात गेलं तर काय होतं, हे कोल्हापूरला वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा गावात शिरली तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पूर ओसरल्यावर बॉनेटखाली वीतभर गाळ. त्या दिवसांत उद्यमनगरातला प्रत्येक मिस्त्री एकच वाक्य बोलत होता, 'किल्ली फिरवू नका.' हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला दांडा वाकतो. पुरातून वाचलेल्या काही गाड्या अशा किल्लीनं मेल्या.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी मी सकाळी लवकर बसलो. गाडी रात्रभर उभी होती, लोखंड हाताला गार लागत होतं. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडवली. हा क्रम का, तर लाल वायर आधी सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर जाळ निघतो. काळी सुटलेली असली की पाना कुठंही टेको. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढली होती. बुरशी म्हणायचं आपलं, आहे ते गंधकाच्या आम्लाचं शिसं आणि तांब्याशी झालेलं देणंघेणं. त्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की फसफसून फेस येतो आणि तो विरला की खालून स्वच्छ धातू निघतो. हा खेळ बघत बसावंसा वाटतो. मी बसलोही, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, इडलीच्या सोड्याचा डबा कुठं नेलात?"

उत्तर न देता मी टर्मिनलवर व्हॅसलीन चोपडलं.

गोकुळच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवायची आमच्या घरात चाल आहे. त्यांचा एवढा चांगला उपयोग आजवर झाला नव्हता. अल्टरनेटरवर एक, फ्यूजच्या डब्यावर एक, वायरींच्या जोडांवर चिरून दोन, वर रबरबँड. बादलीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायचा लिक्विड सोप. रंगकामाचा एक ब्रश, घरातले सगळे निवृत्त टूथब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या. बाजारात यासाठी डिग्रीझरची बाटली मिळते आणि ती खरोखर चांगली चालते. पण पूर्वी गॅरेजात रॉकेल किंवा डिझेल फवारून इंजिन धुवायचे, ते करू नये. तेलकटपणा झटकन सुटतो हे खरं, पण रबराचे पाइप आणि पट्टे तेल पिऊन फुगतात, मऊ पडतात, शिवाय मागं राहिलेला ओशटपणा आठवड्याभरात दुप्पट धूळ ओढून घेतो. आगीशी खेळ, तो निराळाच.

मग ते किटण. त्याला नुसता मळ म्हणणं अन्याय होईल. कुठंतरी तेलाचा बारीक पाझर असतो, त्यावर धूळ बसते, इंजिन तापतं आणि तो लेप भाजला जातो. पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच चाकांकडे जातो, बाकीची सगळी उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. या उष्णतेत धूळ रोज थोडी थोडी पक्की होते. वर नवी बसते, तीही पक्की होते. टूथब्रश गोल फिरवत एक एक पापुद्रा काढायला लागलो तेव्हा लक्षात आलं की रंग बदलतोय. वरचा थर राखाडी, त्यात काळे ठिपके. ही आमच्या भागातली हिवाळ्याची सही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की चिमण्यांतली काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाड्यांवर सारखीच उतरते. त्याखाली काळी माती, चिकट, रबरासारखी ओढली जाणारी. आणि तिच्याखाली, मडगार्डच्या आतल्या घडीत, विटकरी लाल चिखल.

लाल चिखल कोकणातला. गगनबावड्याला चहा घेऊन करूळ घाट उतरला की वैभववाडीकडं जाताना रस्त्याच्या कडेची माती बदलते, तीच ही. काळी माती शिरोळ-जयसिंगपूरकडची, उसाच्या फडातल्या वाटांची. दोन्ही माझ्या गाडीत शेजारी शेजारी भाजून निघालेल्या. मी दोन्हींचे तुकडे वर्तमानपत्रावर काढून ठेवले, कारण या दोघींचं नातं मला ठाऊक होतं आणि त्या इतक्या जवळ पुन्हा दिसणार नव्हत्या.

दोन्हींचा बाप एकच, सह्याद्रीचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर निवत गेले आणि हा पाषाण झाला. पुढचं सगळं पावसानं केलं. जिथं बेताचा पडला तिथं पाषाण झिजून काळी कसदार माती झाली, आपल्यातलं चुना-मीठ धरून राहिली. जिथं धो धो कोसळला तिथं त्यानं खडकातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि मागं ठेवलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, दोन्ही गंजलेल्या रूपात. तो जांभा, आणि त्याची ही लाल माती. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, तासा-दोन तासांवरच्या शिरोळला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एकाच खडकाची दोन लेकरं, एक जास्त भिजलेलं, एक कमी.

गोष्ट इथं थांबत नाही. जांभ्याच्या काही सड्यांवर ॲल्युमिनियमचं प्रमाण इतकं वाढतं की त्याला बॉक्साइट म्हणतात आणि खणून काढतात. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला अशी खाण आहे. तिथून बेळगावकडं जाणारे ट्रक पाहिले असतील तर त्यांच्या चाकांना लागलेला तो लाल रंगही तुम्हाला आठवेल. आणि मी टूथब्रश घेऊन ज्याच्यावरचा चिखल काढत होतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. ते दुर्गमानवाडचं असेल असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण ज्या मातीतून धातू निघतो ती माती, आणि त्या मातीतून निघणारा धातू, अशी दोघांची भेट माझ्या अंगणात झाली होती, आणि मी त्यांना सोडवायला बसलो होतो. साबणाच्या पाण्यानं.

रेडिएटर पुढं वेगळाच प्रकार निघाला. त्याच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत वर्षभराचे प्रवासी अडकून वाळले होते. पावसाळा संपताना मोकळ्या माळावर घोंगावणारे चतुर, पिवळी फुलपाखरं, एक नाकतोडा, उन्हाळ्यात उडून आलेला सावरीचा कापूस. हे रात्री हेडलाइटच्या उजेडात आले की दिवसा पंख्याच्या ओढीनं, कोण जाणे. जाळी बुजली की वारा जात नाही, आणि वारा गेला नाही तर आतलं गरम पाणी निवत नाही. घाटात काटा वर चढतो त्यामागं कधी कधी एवढंच कारण असतं. इथं ब्रशसुद्धा जपून चालवावा लागतो, कारण पत्रे बोटानं वाकतात. मऊ ब्रशनं, वरून खाली, आणि पाणी आतल्या बाजूनं बाहेरच्या बाजूला हलकं सोडायचं, म्हणजे आलेला आल्या वाटेनं परत जातो. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण ढिलं झालं की ते उकळून अंगावर येतं.

बॅटरीच्या मागं भुईमुगाची टरफलं सापडली. सोबत उसाच्या चिपाडाचे कुरतडलेले धागे, आणि एका मोज्याचा तुकडा जो आमच्या घरातला आहे हे मी लगेच ओळखलं. पावसाळ्यात उंदरांना बॉनेटखालची ऊब सोडवत नाही. वायरिंग खाल्लं तर खर्च मोठा येतो म्हणून आमच्याकडं लोक निपाणीच्या तंबाखूची पानं बांधून ठेवतात, कोणी डांबराच्या गोळ्या टाकतात. तंबाखूनं उंदीर जातात हे मी ऐकून आहे. माझ्या गाडीतलं तंबाखूचं पुडकं जसंच्या तसं होतं आणि त्याच्यावर टरफलं रचलेली होती, एवढं मी पाहिलेलं सांगू शकतो. टरफलं काढून टाकणं, घरटं मोडणं, आणि गाडी रोज थोडी फिरवणं, याला तोड नाही. वायरी शाबूत होत्या. पाहुणा भला होता.

सगळं मिळून बादलीभर पाणी लागलं. शेवटचा हात ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं. गल्लीत पाइप लावून गाड्या धुणाऱ्यांना एका बादलीत काय होतं असं वाटतं, पण इंजिनाला तेवढंच पुरतं आणि तेवढंच द्यावं. उरलेलं काळं तेलकट पाणी गटारात ओतू नये. आमच्या गटारांची शेवटची वाट पंचगंगेला जाते आणि त्या नदीला आधीच पुष्कळ सोसावं लागतं. मी ते पाणी जुन्या कापडातून गाळलं. कापडावर उरलेला गाळ वर्तमानपत्रात बांधला आणि मिस्त्रींकडं जळकं ऑइल साठवायचा पिंप असतो तिथं नेऊन दिला. मिस्त्रींनी पुडी घेतली, हुंगली, आणि "गेअरचं न्हाई, इंजिनचं हाय," एवढंच म्हणाले.

नंबर शेवटी दिसला. आधी 'एम', मग 'ए', मग '३', मग पुढची ओळ. सतरा अक्षरं-आकड्यांची, ठोकलेली, कडा अजून धारदार. कागद धरून पेन्सिल फिरवली तेव्हा तो असा स्वच्छ उमटला की एजंटनंसुद्धा मान डोलावली. माझ्यासाठी त्यापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या वीतभर खाली होती. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या एका कोपऱ्यातून तेलाची बारीक, ओली, ताजी रेघ खाली आली होती. पॅकिंग गेलं होतं. किटण होतं तोवर ती रेघ किटणातच मुरत होती. ती खाली धुराच्या तापलेल्या पाइपावर ठिबकायची, आणि घाट चढताना जो जळका वास यायचा त्याचा असा उलगडा झाला. पॅकिंग स्वस्त असतं, मिस्त्रींनी चहा निवायच्या आत बदललं. तेल असंच जळत राहिलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब कोणी मांडत नाही.

चमक मला नकोच होती आणि ती आलीही नाही. ॲल्युमिनियम राखाडीच राहिलं, रबर फिकट काळं, पत्र्यावर जुने ओरखडे. पण आता कुठं थेंब सुटला, कुठली नळी घामेजली, कुठली क्लिप ढिली झाली, हे बॉनेट उघडताक्षणी कळतं. घाणेरड्या इंजिनावर सगळंच ओलं दिसतं, म्हणून काहीच दिसत नाही. स्वच्छ इंजिनाला काही लपवता येत नाही, आणि ते धुण्यामागं मला तरी दुसरा हेतू पटत नाही.

गाडीबाजारात मात्र नेमकं याच्या उलट होतं. गाडी विकायला लावली की आदल्या दिवशी इंजिन प्रेशरनं धुतात, वर सिलिकॉनचा फवारा मारतात, आणि पाइप-पट्टे-झाकणं अशी काळीभोर चमकतात की कालच कारखान्यातून आल्यासारखी. धुतल्यावर पाझर दोन-चार दिवस दिसत नाही, तेवढ्यात व्यवहार होऊन जातो. ठेवायच्या गाडीचं इंजिन धुणं आणि विकायच्या गाडीचं इंजिन धुणं या दोन निराळ्या विद्या आहेत. तेव्हा जुनी गाडी बघायला गेलात आणि बॉनेटखाली सगळं आरशासारखं दिसलं, तर तिथल्या तिथं भाव ठरवू नका. गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, जमलं तर एखादा चढ घ्या, इंजिन निवू द्या, बॉनेट पुन्हा उघडा आणि टॅपेट कव्हरच्या कडेनं कोरडं बोट फिरवा. बोटाला ताजं तेल लागलं तर पॅकिंगचे आणि मिस्त्रींच्या मजुरीचे पैसे किमतीतून कमी करा.